गाडी अजून यांच्या नावावर आहे

"काकू, ब्रेक! अहो, ब्रेक दाबा!" वैभव ओरडला, पण तोवर गाडी उतारावरून मागे घरंगळत जाऊन पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर आदळली होती.

आवाज एवढा झाला की तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या भरल्या. दसऱ्याची सकाळ, सगळे घरात, त्यात फुकटचा तमाशा. लालबागच्या चाळीत असा योग कोण सोडतो? गाडीच्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक होतं, पुढे झेंडूची माळ होती, नारळ फुटला होता. आता गाडी सुरू करून चाकं लिंबांवरून पुढे न्यायची, एवढंच बाकी होतं. ती लिंबं जागच्या जागी शाबूत होती. ज्या गाडीने त्यांना चिरडायचं, ती मागच्या मागे पळाली होती.

मीनाक्षीबाई कोचरेकर स्टिअरिंग घट्ट धरून आत बसून राहिल्या. दरवर्षी हे काम त्यांचे मिस्टर जयवंत करत. ते गेल्यानंतरच्या पहिल्या दसऱ्याला गाडीवरचं कव्हर निघालंच नाही. गेल्या वर्षी वरच्या मजल्यावरच्या वैभवने गाडी लिंबांवरून नेली. यंदा बाई म्हणाल्या, मी करते. लायसन्स होतं, जयवंतनीच मागे लागून काढायला लावलं होतं. दर रविवारी खाली येऊन इंजिन चालू करायचं, थोडा वेळ घरघरू द्यायचं आणि बंद करायचं, हेही त्या न चुकता करत. गाडी चालवणं मात्र राहूनच गेलं होतं.

शेजारच्या खोलीतले अप्पा तळवडेकर धोतराचा सोगा सावरत कंपाउंडमध्ये आले. जयवंतचे कॅरमचे जोडीदार. वय पंच्याहत्तरीच्या आसपास, पण सगळ्यांच्या कामात नाक खुपसण्याचा उत्साह पंचविशीतला.

"काय झाला गो? लागला काय खय?"

"नाही, अप्पा."

"मगे उतर खाली. गाडी काय आता पळान जाता काय?"

बाई उतरल्या. मागचा बंपर मधोमध फुटला होता आणि डिकीचं दार असं आत गेलं होतं की ते उघडेनाही आणि नीट लागेनाही. टाकीच्या कट्ट्याला ओरखडासुद्धा नव्हता. ब्रिटिशांच्या काळचं बांधकाम, असं कुणीतरी गॅलरीतून म्हणालं आणि त्यावर लगेच दुसऱ्या मजल्यावर वाद सुरू झाला.

वैभव एका बँकेत कर्जाच्या विभागात होता, त्यामुळे चाळीतल्या सगळ्या कागदपत्रांवर आपला हक्क आहे असं त्याला वाटे. त्याने कट्ट्यावर पडलेला फोन उचलला, विमा कंपनीचं ॲप उघडलं, गाडीचे चार बाजूंनी फोटो काढले आणि बाईंचा श्वास जागेवर यायच्या आत क्लेम नोंदवूनही टाकला.

"अरे, थांब ना जरा! मला विचार तरी करू दे."

"विचार नंतर करा, काकू. आधी कळवायचं असतं. उशीर झाला तर ते तेच कारण देतात."

"पण तो फोन यांचा आहे."

"हो ना. पॉलिसी काकांच्याच नावावर आहे ना?"

आणि मग त्याच्या लक्षात आलं. तो फोनकडे बघत राहिला. "काकू," तो हळूच म्हणाला, "गाडी अजून काकांच्या नावावर आहे?"

 बाईंनी वाकून दोन्ही लिंबं उचलली आणि पदरात घेऊन जिना चढू लागल्या.

आता यात गंमत अशी, की कागदाच्या बाबतीत मीनाक्षीबाईंचा हात धरणारं लालबाग-परळमध्ये कुणी नव्हतं. परळच्या एका शाळेच्या ऑफिसात त्या क्लार्क होत्या आणि अर्धवट कागद घेऊन आलेल्या पालकांना खिडकीतून परत पाठवण्यात त्यांची उमर गेली होती. "दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं. चालणार नाही. पुरावा आणा," हे वाक्य त्या झोपेतही बोलत असतील. जयवंत गेल्यावर रेशनकार्ड, विजेचं बिल, खोलीची भाडेपावती, बँक, सगळीकडे त्या स्वतः गेल्या, मृत्यूचा दाखला जोडला, आणि यांचं नाव काढून आपलं लावून आल्या. कुठे एका सहीसाठी फेरी वाया गेली नाही. फक्त गाडीच्या वेळी घोडं अडलं.

झालं असं होतं की यांना जाऊन महिनाही झाला नव्हता, आणि यांच्या फोनवर विमा कंपनीचा फोन आला. पॉलिसी संपत आली होती. "जयवंत सरांशी बोलू शकते का?" एका मुलीने विचारलं. "ते बाहेर गेलेत," बाई म्हणाल्या. मुद्दाम नाही, तोंडातून निसटलं. इतक्या वर्षांची सवय. यांच्यासाठी कुणी फोन केला की हे कायम बाहेरच. नाहीतर रे रोडच्या लाकडाच्या वखारीत, जिथे ते हिशेब लिहीत, नाहीतर खाली कॅरमवर. "ओके मॅम, आम्ही सरांना परत फोन करू," मुलगी म्हणाली. फोन ठेवून बाई ओट्याशी उभ्या राहून खूप रडल्या. पण ते रडणं दुःखाचं नव्हतं. त्यांना बरं वाटलं होतं. या जगात कुणीतरी यांना परत फोन करणार होतं.

मग काय, पॉलिसी यांच्याच नावाने पुढे चालू झाली. नंतरच्या वर्षी पुन्हा, आणि यंदाही. यांचा फोन बाई रिचार्ज करत राहिल्या. वाढदिवसाला कंपनीचा मेसेज येई: प्रिय जयवंत, आपणास दीर्घायुष्य लाभो. घरात मूलबाळ नाही, नातेवाईक गावाला, चाळीतले लोक नाव निघालं की आवाज खाली आणत. कंपनी तेवढी खणखणीत आवाजात विचारी, सर आहेत का? बाईंना हे चुकीचं आहे हे कळत होतं. शाळेच्या खिडकीत दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्यांनी त्याला उभं केलं नसतं.

दसऱ्याच्या दुपारी श्रीखंडाची वाटी पुढ्यात असताना यांचा फोन वाजला.

"नमस्कार, मी प्रिती बोलतेय, क्लेम विभागातून. जयवंत सरांशी बोलायचं होतं."

बाईंनी डोळे मिटले. आता सांगून टाकावं. दोन शब्दांचं काम.

"ते बाहेर गेलेत," त्या म्हणाल्या.

"काही हरकत नाही, मॅम. शनिवारी सकाळी आमचे सर्व्हेअर गाडी बघायला येतील. सरांना घरी थांबायला सांगाल?"

"सांगते," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी सोनं वाटायला आलेल्या अप्पांना आणि वैभवला त्यांनी हे सांगितलं तेव्हा वैभवने कपाळाला हात लावला.

"काकू, काय केलंत हे? आता काय करणार?"

"तेच तुला विचारतेय."

"खरं सांगितलंत तर क्लेम मिळत नाही. गाडी तुमच्या नावावर नाही, पॉलिसी तुमच्या नावावर नाही. सगळं आधी बदलून घ्या म्हणतील."

"मग मी पदरचे पैसे घालते. क्लेम नकोच."

"ते पण चालेल. उलट हप्त्यावरची नो क्लेम बोनसची सूट वाचेल. पण मग नाव तसंच राहणार. उद्या रस्त्यावर काही झालं, कुणाला धक्का लागला, तर?"

"मी रस्त्यावर काढतच नाही गाडी."

"रस्त्यावर न काढता एवढं केलंत ना?" वैभव म्हणाला, आणि लगेच जीभ चावली.

बाईंना काही सुधरेना. क्लेम घ्यायचा तर हे जिवंत असायला हवेत. क्लेम सोडला तर हे आहेत तसे राहतात, फोन येत राहतात, पण मग शनिवारी येणाऱ्या माणसाला काय सांगायचं? आणि खरं सांगायचं तर क्लेमही जातो आणि हेही जातात. सकाळी एक वाटावं, आंघोळीला गेल्यावर दुसरं, भात लावताना तिसरं. खोलीच्या भाडेपावतीवरून नाव काढताना त्या अडखळल्या नव्हत्या. मग या पत्र्याच्या डब्यानेच काय घोडं मारलं होतं, ते त्यांना समजत नव्हतं.

अप्पा इतका वेळ गप्प होते, हेच मुळात नवल होतं. आता ते खुर्चीत पुढे सरकले.

"माका बसवा मगे."

"कुठे?"

"जयवंताच्या जाग्यार. तो माणूस येतलो, फोटो काढतलो, सही घेतलो आणि जातलो. तेका काय म्हायत जयवंत कसो दिसा तो?"

वैभव हसला. मग हसायचा थांबला. "लायसन्सवरचा फोटो जुना आहे," तो विचार करत म्हणाला. "आणि त्या फोटोत कुणीही कसंही दिसतं."

"तेच्यासारखो खोकूक पण येता माका," अप्पा म्हणाले आणि खोकून दाखवलं. अगदी हुबेहूब. बाईंना हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी. त्या हो म्हणाल्या नाहीत, नको म्हणाल्या नाहीत. चाळीत याचा अर्थ हो असाच धरतात.

शुक्रवारी शाळेत खिडकीपाशी एक बाई आल्या. मुलीच्या नावापुढे वडिलांचं नाव चुकीचं पडलं होतं. "मॅडम, राहू द्या ना तसंच, आता कुठे धावपळ करू?" त्या म्हणाल्या. मीनाक्षीबाईंनी सवयीने ‘पुरावा आणा’ म्हणायला तोंड उघडलं. मग त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि त्या बाईंना म्हणाल्या, "दुपारनंतर या. मला आज बरं नाहीये." त्यांच्या शेजारच्या टेबलावरच्या पूर्वीने मान वर करून बघितलं. एवढ्या वर्षांत असं उत्तर त्या खिडकीतून कधी बाहेर पडलं नव्हतं.

शनिवारी सकाळी अप्पा इस्त्रीचा शर्ट आणि पँट घालून, केसांना तेल लावून गाडीशेजारी खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी जयवंतची जन्मतारीख पाठ केली होती. "तेचो चष्मो देतंस काय?" असं त्यांनी आदल्या रात्री विचारलं होतं, आणि बाईंनी "नाही" इतक्या जोरात म्हटलं की अप्पा दारातूनच परत गेले. वैभव सुट्टी असूनही दाढी करून तयार होता. बाई जिन्याच्या पायरीशी उभ्या होत्या, धड खाली नाही आणि वर नाही.

सर्व्हेअर मोटरसायकलवरून आला. चाळिशीचा, शांत, हेल्मेट काढल्यावर घामाने चिंब झालेला. "मी गौतम. कोचरेकर कोण?"

"मीच," अप्पा उठून म्हणाले. मालवणी पार खुंटीला टांगून ठेवली होती. "जयवंत महादेव कोचरेकर."

 गौतमने मान हलवली आणि मागच्या बाजूचे फोटो काढायला वाकला. "कसं झालं, काका?"

"दसऱ्याची पूजा केली, गाडी सुरू केली आणि मागे गेली. मीच चालवत होतो. वय झालं आता."

"नोकरी कुठे करत होता आपण?"

"रे रोडला वखारीत होतो. हिशेब लिहायचो." अप्पांना आता रंग चढला होता. त्यांनी बॉनेटवर एक हात ठेवला, जयवंत ठेवत तसा. "गाडी घेतली ती हिला गावाला न्यायला. एकदाच गेलो मालवणला. ही शेजारी बसून सगळ्या वाटेत बोर्ड वाचत होती. पनवेल, पेण, माणगाव, महाड. मोठ्याने. मला म्हणाली, मी वाचते, म्हणजे तुम्हाला झोप यायची नाही. मी हिला सांगितलंच नाही, पण मी मुद्दाम गाडी हळू चालवली. म्हटलं, रस्ता लवकर संपायला नको."

 बाई जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. बोर्ड वाचल्याचं त्यांना आठवत होतं. गाडी हळू चालवल्याचं, त्याच्यामागे काही होतं याचं, त्यांना आज कळत होतं. हे जयवंतनी कॅरमच्या बोर्डावर अप्पांना सांगितलं होतं. बायकोला नाही सांगितलं. आणि आता ते दुसऱ्याच्या तोंडून, ‘मी’ म्हणून, विम्याच्या माणसासमोर निघत होतं.

"अप्पा," बाई म्हणाल्या. "पुरे."

अप्पा थांबले. बाई खाली आल्या.

"साहेब, हे अप्पा तळवडेकर. आमचे शेजारी. यांचा काही दोष नाही, माझ्यासाठी करत होते. जयवंत कोचरेकर माझे मिस्टर. ते वारले. अडीच वर्षं झाली."

वैभव चपलेच्या अंगठ्याकडे बघू लागला. गौतमने फोन खाली घेतला. तो रागावेल असं बाईंना वाटलं होतं. तो रागावला नाही. उलट जरा दमल्यासारखा दिसला.

"मग गाडी कोण चालवत होतं?"

"मी. लायसन्स आहे माझ्याकडे."

"मॅडम, हा क्लेम होत नाही."

"माहीत आहे. मला मागे घ्यायचाय."

"फोन करून तसं सांगा. मी पण लिहितो, विमाधारक हयात नाहीत. आणि गाडी नावावर करून घ्या, लवकर. हे बरोबर नाही."

"लिहा," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "हे लिहिलं की मग तुमच्याकडून फोन येणार नाही?"

"नाही, नाही," गौतम समजुतीच्या सुरात म्हणाला. "त्रास नाही देणार तुम्हाला आता कुणी."

बाईंनी मान डोलावली. त्याचं काम संपलं होतं, पण तो हेल्मेट हातात घेऊन गाडीभोवती एक फेरी मारून आला आणि पुढच्या खिडकीतून आत डोकावला.

"मॅडम, एक विचारू? उतार आहे, गाडी मागे जाणारच. पण ब्रेक का नाही लागला?"

"मी दाबला होता."

"बसा बघू आत."

बाई बसल्या. गौतमने वाकून त्यांच्या पायांकडे बघितलं. चपलेचं टोक तेवढं पेडलला टेकत होतं.

"सीट केवढी मागे आहे. पाय पोचत नाही तुमचा. कुणाच्या मापाची आहे ही?"

"ते उंच होते," बाई म्हणाल्या.

एवढी वर्षं दर रविवारी त्या या सीटवर बसत होत्या. पुढच्या कडेला टेकून, पाय ताणून इंजिन सुरू करत, आणि मग पाठ टेकून बसत. सीट जिथे होती तिथे पाठ टेकली की समोरची काच लांब जाई, आणि यांना रस्ता असा दिसत असेल, असं त्यांना वाटे. सीट पुढे घ्यावी हे मनात आलं नव्हतं असं नाही. आलं होतं.

 गौतमने हेल्मेट घातलं आणि तो निघून गेला. वैभव "मी चहाचं बघतो" म्हणून वर सटकला. अप्पा खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. इस्त्रीच्या शर्टात एकदम म्हातारे दिसत होते.

"माजा चुकला, गो. तो बोर्डाचा बोलाक नको होता."

"नाही अप्पा. बरं झालं बोललात." बाईंनी सीटखाली हात घातला आणि दांडा शोधला. ओढला. सीट हलेना. त्यांनी पुन्हा ओढला, बसल्या जागी उसळी घेतली. जागची ढिम्म हलेना. "अप्पा, मागच्या सीटवर या जरा. तिकडून ढकला."

अप्पा कष्टाने मागे शिरले आणि दोन्ही हात सीटच्या पाठीला लावले. मग तसेच थांबले. "रवांदे गो नको तर," ते म्हणाले. "आजच व्हया काय?"

"ढकला."

अप्पांनी ढकललं. आत काहीतरी करकरलं, खट् झालं, आणि सीट बाईंना घेऊन पुढे सरकली. स्टिअरिंग जवळ आलं. काच जवळ आली. बाईंनी उजवा पाय ब्रेकवर ठेवला आणि दाबला. पेडल पुरतं दबलं, तरी गुडघ्यात वाक राहिला. गाडी बंद होती, मागच्या चाकाला वैभवने वीट लावून ठेवली होती, कुठे जाण्याचा प्रश्न नव्हता. तरी त्यांनी पाय उचलला नाही. अप्पा मागच्या सीटवर गुडघे आखडून बसून राहिले.